पेन कुणाच्या हातात आहे, ते बघा

प्रश्न: माझी मुलगी यंदा आठवीत आहे. शाळा राज्य मंडळाची, सेमी-इंग्रजी. सातवीपर्यंत गणितात ब-१ श्रेणी होती, पण आता पहिल्या घटक चाचणीत २० पैकी ६ गुण मिळाले. चाचणीला परिमेय संख्या, समांतर रेषा आणि घातांक हे भाग होते. शिकवणी लावायची ठरवली आहे, पण कुणाकडे तेच समजत नाही. चार पर्याय आहेत. एक ताई एमएस्सी करतात, त्या घरी येऊन आठवड्याला तीन तास शिकवतील, महिना ३,००० रुपये. दुसरे निवृत्त मुख्याध्यापक, आठ मुलांचा गट घेतात, रोज एक तास, महिना १,२०० रुपये. तिसरा मोठा क्लास, वर्षाचे २८,००० रुपये, एकरकमी भरल्यास सवलत. आणि शाळेतलेच गणिताचे सर म्हणाले की माझ्याकडे पाठवा, फी बघून घेऊ. मुलगी म्हणते, "कुठेही घाला, पण सगळ्यांसमोर विचारायला लावू नका." काय करू? – एक आई, कराड

उत्तर:

ताई, चौघांपैकी कुणाचं शिक्षण जास्त, कुणाची फी कमी ही तुलना जरा बाजूला ठेवा. मुलीचं गणित नेमकं कुठे अडलंय हे आधी कळायला हवं, कारण त्यावरच तिला कोणता शिक्षक लागेल हे ठरतं. पाचवीतला अपूर्णांक कच्चा असलेल्या मुलीला आणि आठवीच्या इंग्रजी वाक्यांपाशी अडखळणाऱ्या मुलीला वेगळी मदत लागते. चाचणीत मात्र दोघींनाही २० पैकी ६ च मिळू शकतात.

सातवीच्या ब-१ श्रेणीमुळे गोंधळू नका. त्या श्रेणीत लेखी परीक्षेबरोबर तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, गृहपाठ या सगळ्यांचे गुण असतात. नीटनेटकी वही आणि वेळेवर दिलेला प्रकल्प यांच्या आड कच्चा पाया दोन-दोन वर्षं लपून राहतो. आठवीत तो उघडा पडतो, कारण पहिलंच प्रकरण परिमेय संख्यांचं आहे. अपूर्णांकांची तुलना, ऋण संख्या आणि संख्यारेषा हे तिन्ही तिथे एकदम लागतात.

रविवारी सकाळी, पोट भरलेलं असताना, तिला अर्धा तास द्या आणि पुढची गणितं एका कोऱ्या कागदावर करायला सांगा. गाईड नको, मोबाइल नको, खोडरबर तर अजिबात नको. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहायचं. ही परीक्षा नाही, गुण द्यायचे नाहीत, हे तिला आधीच सांगा.

सुरुवातीला तोंडी: सात आठे, नऊ सक, आठ चोक, असे दहा-बारा पाढे उलटसुलट. मग लेखी: ३०१२ भागिले ६. २/३ + ३/४. ३.५ मोठा की ३.४५? ०.३ × ०.२. −७ + ३. −५ − ८. (−३) × (−४). ८०० चे १५ टक्के. ३(क्ष − ४) चा कंस सोडवा. २क्ष + ५ = १७. ५ − क्ष = ९. आणि शेवटी एक शाब्दिक उदाहरण: एका संख्येच्या तिपटीत ७ मिळवले तर ३४ येतात, ती संख्या कोणती?

उत्तर बरोबर की चूक यापेक्षा चूक कशी झाली ते बघा. भागाकारात ५०२ च्या जागी ५२ आलं, तर भाग जात नसेल तिथे शून्य लिहायचं असतं हे तिला पक्कं माहीत नाही. अपूर्णांकांच्या बेरजेत ५/७ आलं, तर ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते आहे, म्हणजे छेद काय सांगतो तेच समजलेलं नाही. ३.४५ मोठा म्हणाली, तर ती दशांश चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचते, "पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे" अशा हिशोबाने. ०.३ × ०.२ चं उत्तर ०.६ आलं, तर दशांश स्थळं मोजायचा नियम सुटला आहे.

चिन्हांची चूक सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत कमी दुरुस्त होते. −५ − ८ चं उत्तर १३ देणाऱ्या मुलाला विचारलं की तो म्हणतो, "वजा वजा अधिक." हा नियम गुणाकार-भागाकाराचा. पाठ करून घेताना तो कुठे लावायचा हे सुटून गेलं, म्हणून मूल बेरजेतही तोच लावतं. असा नियम दहा वेळा पुन्हा पाठ करून घेतला तरी काही होत नाही. संख्यारेषेवर किंवा उधारी-जमेच्या हिशोबात दोन-तीन दिवस काम करावं लागतं. ३(क्ष − ४) चं उत्तर ३क्ष − ४ आलं, तर हीच मुलगी पुढे विस्तार सूत्रांच्या प्रकरणात (अ + ब)² ला अ² + ब² लिहिणार हे आजच सांगता येतं.

आता या कागदावरून निर्णय. भागाकार, अपूर्णांक, दशांश, चिन्हं यांत तीन-चार ठिकाणी चुका असतील, तर पाया दुरुस्त करावा लागेल आणि त्याला काही महिने तरी एकटीला शिकवणारं कुणी हवं. तिथपर्यंत सगळं ठीक आणि फक्त कंस, समीकरणं, शाब्दिक उदाहरण अडलं, तर छोटा गट पुरेसा आहे. आणि सगळंच बरोबर आलं, तरीही चाचणीत सहा गुण, तर अडचण गणितात कमी आणि प्रश्न वाचण्यात, वेगात किंवा भीतीत जास्त आहे. चाचणीचे भाग पाहता पहिली शक्यता मोठी वाटते, पण अंदाजावर जाऊ नका, कागद करून घ्या.

सेमी-इंग्रजीचा भाग वेगळा तपासा. चाचणीच्या पेपरातले प्रश्न तिला मोठ्याने वाचायला सांगा आणि "यात काय विचारलंय ते मराठीत सांग" म्हणा. प्रश्न न सोडवता फक्त सांगायचं. पाचवीपर्यंत मराठीतून गणित शिकलेल्या मुलांना छेदिका, संगत कोन, व्युत्क्रम कोन समजतात, पण पेपरात ट्रान्सव्हर्सल, करस्पाँडिंग, अल्टरनेट आले की ती थांबतात. अशा मुलीला शिकवणारी व्यक्ती दोन्ही भाषांत सहज वावरणारी हवी: समजावताना मराठी, लिहून घेताना पुस्तकातलं इंग्रजी. वहीच्या मागच्या पानांवर दोन रकान्यांत शब्दांची यादी वाढवत न्यायची, दर प्रकरणाला आठ-दहा शब्द. फक्त इंग्रजीतून धडाधड शिकवणारे आणि फक्त मराठीतून छान समजावणारे, दोघांकडेही तिचं निम्मं काम अर्धवट राहील.

आता चांगला शिक्षक ओळखायचा कसा? दोन-तीन तास फक्त आजमावून बघण्यापुरते ठरवा आणि त्यांचे पैसे द्या. फुकटच्या डेमोत शिक्षक आपलं सर्वांत चमकदार प्रकरण शिकवून दाखवतो. पैसे दिले की तुम्ही सांगू शकता, "ही तिची चाचणीची उत्तरपत्रिका, हा आमचा रविवारचा कागद, यावरून सुरू करा." त्या तासाला तुम्ही त्याच घरात, पण जरा लांब बसा आणि एकच गोष्ट बघा: पेन कुणाच्या हातात आहे? साठ मिनिटांपैकी पस्तीस-चाळीस मिनिटं मुलीचं पेन चालायला हवं. शिक्षक सोडवतोय, मुलगी मान हलवतेय आणि शेवटी "समजलं ना?" "हो" असं होत असेल, तर तो तास शिक्षकाच्या सरावाचा झाला. दुसऱ्याने सोडवलेलं उदाहरण बघताना सगळं समजल्यासारखंच वाटतं. कोऱ्या कागदावर पहिली ओळ स्वतः लिहायची वेळ आली की खरं काय ते कळतं.

दुसरी खूण म्हणजे प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून मोजले. शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असं तिला दिसलं. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात, एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. तुमची मुलगी विचारायला लाजते, म्हणून तिच्यासाठी हे फार मोलाचं आहे. घड्याळ लावायला नको. शांतता शिक्षकाला सहन होते की नाही, एवढं बघा.

तिसरी खूण चुकीच्या उत्तराच्या वेळची. "चूक, असं नाही, असं" म्हणून बरोबर पायरी लिहून देणारे पुष्कळ असतात. "हे इथे कसं आलं, सांग बरं" असं विचारून ऐकणारे कमी. चूक कुठल्या समजुतीतून आली हे ज्याला दिसतं, तोच ती दुरुस्त करू शकतो. म्हणून पदवीपेक्षा हे महत्त्वाचं. उच्च गणित शिकणाऱ्याला आठवीचं गणित येतंच, पण त्याला ते इतकं सोपं झालेलं असतं की मधल्या तीन पायऱ्या तो सहज गाळतो. "हे तर उघडच आहे" हे वाक्य दोन-तीनदा ऐकू आलं, तर जपून राहा.

तासाची घडी साधारण अशी असावी. पहिली पाच मिनिटं पाढे आणि चिन्हांचा तोंडी सराव. मग दहा मिनिटं मागच्या वेळी चुकलेली गणितं, आकडे बदलून. नव्या भागाला वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. त्यानंतर वीस मिनिटं ती एकटी सोडवणार, शिक्षक बाजूला बसून बघणार, मध्ये हात घालणार नाही. शेवटी गृहपाठ सहा ते आठ उदाहरणांचा: चार आजची, दोन मागच्या आठवड्याची, जमल्यास आणखी दोन, महिन्यापूर्वी झालेल्या भागातली. हा जुन्याचा भाग बहुतेक ठिकाणी गळतो. मग दिवाळीत पहिली प्रकरणं कोरी झालेली असतात आणि "सगळं करून घेतलं होतं हो" अशी तक्रार दोन्ही बाजूंनी येते.

तास वाया जातो तो बहुधा शाळेच्या गृहपाठात. उद्या सरावसंच दाखवायचा आहे म्हणून शिक्षक भराभर सांगतात, मुलगी लिहिते. वही पूर्ण, शाळा खूश, घरचेही खूश. हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या: शाळेचा गृहपाठ ती आधी स्वतः करणार, जेवढा येईल तेवढाच. न आलेल्या उदाहरणांपुढे खूण करणार, आणि तासात त्यांतली जास्तीत जास्त दोन घ्यायची. शाळेत अपुरी वही चालत नसेल, तर वर्गशिक्षकांना तुम्ही भेटून सांगा. ते मुलीवर ढकलू नका.

एक चुकांची वही वेगळी लागेल, शंभर पानी पुरे. प्रत्येक चुकीला पाव पान: तारीख, गणित, चुकलेली पायरी जशीच्या तशी, आणि "का चुकलं" हे तिच्या शब्दांत एका ओळीत. आठवड्याने तेच गणित आकडे बदलून, तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. दोन्ही वेळा बरोबर आलं की त्यावर फुली. ही वही शिक्षक पुढच्या तासाला उघडतो की नाही, यावरून तुम्हाला त्याच्याबद्दल पुष्कळ कळेल. उलट शिकवणीच्या वहीत एकही खाडाखोड नसेल, प्रत्येक पायरी छापल्यासारखी असेल, तर ती फळ्यावरून किंवा डायजेस्टमधून उतरवलेली आहे असं समजा.

भूमितीबद्दल थोडक्यात. आठवीत चौकोन रचना आहे, त्रिकोणाचे शिरोलंब आणि मध्यगा आहेत. यातली आकृती शिक्षकाने काढून द्यायचीच नाही. मुलांच्या रचना चुकतात त्याचं कारण बरेचदा अगदी साधं असतं: कंपासचा स्क्रू सैल, पेन्सिलीचं टोक बोथट, पट्टीची कड झिजलेली. मग तीन शिरोलंब एका बिंदूत मिळत नाहीत आणि मुलीला वाटतं आपल्याला भूमिती येत नाही. नवीन कंपासपेटी घ्या आणि पेन्सिल टोकदार ठेवायची सवय लावा.

आता तुमचे चार पर्याय.

शाळेतल्या सरांना नम्रपणे नकार द्या. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा, २००९ यातल्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. कायदा सोडला तरी, जो माणूस वर्गात शिकवतो आणि पेपर तपासतो, त्यालाच वेगळे पैसे देण्यात मुलीची कोंडी होते. वर्गात शंका विचारली तर "शिकवणीला ये" असं उत्तर येण्याची वाट उघडते. सरांना भेटा जरूर, पण एवढंच विचारा की वर्गात ती नेमकी कुठे अडते असं त्यांना दिसतं. त्याचं उत्तर द्यायला त्यांना आवडेलही.

मोठा क्लास या वर्षी नको. तो पोर्शन पुढे नेण्यासाठी चालतो. परीक्षेआधी दोनदा उजळणी, भरपूर सराव पेपर हे त्याचं बळ, आणि पाया पक्का असलेल्या मुलांना त्याचा उपयोग होतो. चाळीस जणांच्या वर्गात मागे जाऊन अपूर्णांक कुणी घेणार नाही. भिंतीवरचे गुणवंतांचे फोटो बघताना विचारा की ५० टक्क्यांवरून ६५ वर गेलेली मुलं किती आणि सोडून गेलेली किती. पैशाबद्दलही सावध राहा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी त्या आहेत. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, मूल मध्येच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, गुणांची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत, असं त्यांत म्हटलं आहे. अंमलबजावणी राज्यांकडे असल्याने त्यांच्या भरवशावर एकरकमी २८,००० भरणं शहाणपणाचं नाही. सवलत कितीही असो.

उरले दोन, आणि दोन्ही चांगले असू शकतात. मुख्याध्यापकांकडे रोज तास आहे, शिस्त आहे, मुलांच्या चुका वर्षानुवर्षं पाहिलेल्या आहेत. पण साठ मिनिटं भागिले आठ मुलं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटं. आठही जण आठवीचेच असतील तर ठीक. सहावी ते दहावीची मुलं एकत्र बसत असतील, तर हिशोब आणखी बिघडतो. त्यांना दोनच गोष्टी विचारा: सध्याचं बालभारतीचं पुस्तक वापरता का, आणि प्रत्येकाची वही तुम्ही कधी बघता. "रोज, जागेवर जाऊन" हे उत्तर आलं तर गट चांगला आहे.

एमएस्सीच्या ताईंकडे आठवड्याला तीन तास, महिन्याला बारा. तासाला २५० रुपये झाले, आणि पूर्ण तास तुमच्या मुलीचा. धोका दोन ठिकाणी आहे. वर सांगितलेल्या गाळलेल्या पायऱ्या हा एक. दुसरा, त्यांच्या स्वतःच्या परीक्षा: सत्र परीक्षा बहुधा दिवाळीच्या मागेपुढे आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे तुमच्या मुलीच्या परीक्षांच्याच सुमाराला. कोणत्या आठवड्यांत येता येणार नाही हे आधीच विचारा आणि ते तास पुढे-मागे कसे भरून काढायचे ते ठरवा.

कागदावर पाया कच्चा निघाला, तर मी या ताईंना निवडेन, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. आजमावणीच्या त्या दोन-तीन तासांत त्या पसंतीला उतरल्या तर, एवढीच अट. काम नेमून द्या: पहिले सहा आठवडे निम्मा वेळ पाचवी ते सातवीचा कच्चा भाग, निम्मा वेळ आठवीचं चालू प्रकरण. फक्त मागचं घेत बसलं तर वर्गात ती आणखी मागे पडते, आणि फक्त चालू घेतलं तर पाया तसाच राहतो. दिवाळीनंतर मुख्याध्यापकांच्या गटात पाठवा. तोवर तिला येत असेल, म्हणून चारचौघांत बोलायला भीतीही कमी वाटेल. कागदावर पाया पक्का निघाला, तर थेट गटात पाठवा, महिन्याचे १,८०० रुपये वाचतील.

ही घाई उगाच नाही. २०२३-२४ पासून राज्यात आठवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, नाही झालं तर पुरवणी परीक्षा. नववीपासून गणिताची दोन पुस्तकं होतात, भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती, आणि दहावीला दोन्हींचे ४०-४० गुणांचे वेगळे पेपर असतात. नववीत पाचवीचे अपूर्णांक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही.

घरी येऊन शिकवणारं कुणीही असो, बाई असो वा पुरुष, ओळखीचं असो वा नसो, काही गोष्टी सर्वांना सारख्याच लावा. बसायचं ते बाहेरच्या खोलीत, दार उघडं, घरात एक मोठं माणूस. ओळखपत्राची प्रत घ्या आणि आधी शिकवलेल्या दोन घरांशी स्वतः फोनवर बोला. गृहपाठाचे निरोप तुमच्या मोबाइलवर यावेत, मुलीच्या नाही. हात उगारणं, "ढ आहेस" म्हणणं, दुसऱ्या मुलीशी तुलना करून हिणवणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबवा. मुलगी अचानक "मला नाही जायचं" म्हणाली, तर अभ्यास टाळतेय असं आधी धरू नका. शांतपणे, एकटी असताना, दोन-तीनदा विचारा. गंभीर काही असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

व्यवहार साध्या कागदावर लिहून ठेवा: महिन्याचे तास, फी कोणत्या तारखेला, कुणी सुट्टी घेतली तर काय, सोडायचं असल्यास किती दिवस आधी सांगायचं. फी महिन्याच्या महिन्याला द्या, वर्षाची आगाऊ नको.

प्रगती बघताना पहिला महिना गुणांकडे जाऊ नका. आधी सवयी बदलतात. ती न विचारता पहिली ओळ लिहायला लागते, कोरी सोडलेली उदाहरणं कमी होतात, स्वतःची चूक स्वतः पकडते. सहा आठवड्यांनी रविवारचाच कागद आकडे बदलून पुन्हा द्या. शाळेची पुढची चाचणी आली की एकूण गुणांऐवजी तीन रकाने करा: कोरे सोडलेले, अर्धवट राहिलेले, रीत बरोबर पण आकडेमोड चुकलेले. कोरे कमी होऊन आकडेमोडीच्या चुका वाढल्या, तर गुण तेवढेच असले तरी ती पुढे गेली आहे.

महिन्याअखेर शिक्षकाला एवढंच विचारा: "गेल्या महिन्यात तिला काय येत नव्हतं, आणि आता काय येतं?" "ऋण संख्यांची बेरीज जमली, अपूर्णांकांचा भागाकार अजून कच्चा आहे, कंस उघडताना दुसऱ्या पदाला गुणायचं विसरते" असं नेमकं उत्तर यायला हवं. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" एवढंच आलं, तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. तेव्हाही तेच आलं, तर शिक्षक बदला. सहामाही तोंडावर आली म्हणून थांबू नका.

नीट शिकवणी होऊनही तीन-चार महिन्यांत साधे पाढे टिकत नसतील, संख्यांचा लहान-मोठेपणा गोंधळत असेल, घड्याळ आणि सुट्टे पैसे यांतही अडचण येत असेल, तर आणखी शिकवणी लावू नका. डिसकॅल्क्युलियासारखी, म्हणजे आकडेच नीट न उमगण्याची, अध्ययन अक्षमता आहे का, याची तपासणी करून घ्या. अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, गणकयंत्र अशा सवलती मिळतात. आणि त्याहीआधी, याच आठवड्यात, डोळे तपासा. फळा नीट न दिसणारी मुलं शेजारच्या वहीतून उतरवतात आणि घरी कुणाला सांगत नाहीत.

मुलीच्या अटीबद्दल: ती मान्य करा आणि शिक्षकाला तिच्यादेखत सांगा. विचारायला लाज वाटणाऱ्या मुलांसाठी एक सोय चालते. वहीच्या समासात तिने नुसतं प्रश्नचिन्ह काढायचं, आणि शिक्षकाने वही बघताना तिथे थांबायचं. तोंडाने विचारायची गरज पडत नाही. गटात गेल्यावर मुख्याध्यापकांनाही हेच सांगा, वही रोज बघणाऱ्याला यात काहीच अवघड नाही.

पाचवी ते सातवीची गणिताची पुस्तकं घरात नसतील, तर बालभारतीच्या संकेतस्थळावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची मोफत मिळतात. दोन्ही उतरवून घ्या. अपूर्णांक आणि पूर्णांक संख्यांची प्रकरणं तेवढी छापून ताईंच्या हातात पहिल्या तासाला द्या, सोबत रविवारचा कागद आणि चाचणीची उत्तरपत्रिका.